लँटर्नच्या दिव्यामागची खरी मासळी

पडद्यावर दिसतोय तो लँटर्न. निळं अंग, डोळ्यांभोवती पिवळा पट्टा, डोक्यावरून पुढे झुकलेली दांडी आणि तिच्या टोकाला पिवळेधमक दिवे. पोकेमॉन या व्हिडिओ गेम मालिकेच्या दुसऱ्या पिढीतला हा मासा १९९९ साली जपानमध्ये गेम बॉयवर पहिल्यांदा दिसला. त्याच्याआधीचं रूप म्हणजे हा गोलमटोल चिनचाऊ. खेळातल्या नोंदींनुसार चिनचाऊच्या दांड्या मुळात पर होते. आणि लँटर्नचा उजेड पडतो तो जिवाणू आणि शरीरातला द्रव यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळे. मुलांच्या खेळात इतकं नेमकं जीवशास्त्र लिहिणाऱ्याने खरा मासा नीट अभ्यासला असणार.

खरा मासा आता बघा. नोव्हेंबर २०१४, कॅलिफोर्नियाचा माँटेरे उपसागर, खोली ५८० मीटर. तिथल्या सागरी संशोधन संस्थेच्या ‘डॉक रिकेट्स’ या दूरनियंत्रित पाणबुडीने टिपलेली ही काळी अँगलरफिश. ही मादी आहे, लांबी जेमतेम ९ सेंटिमीटर. तिच्या डोक्यावरची दांडी पाहा. पाठीवरच्या पराचा पहिला काटा सरकत सरकत कपाळावर आला आणि त्याचा गळ झाला. टोकाला तो फुगीर कंद, आत जिवाणूंनी भरलेला. दात आतल्या बाजूला वळतात, म्हणून आत गेलेलं भक्ष्य बाहेर निसटत नाही.

(निवेदन थांबते. मासा कॅमेऱ्यासमोरून जातो.)

या दिव्याची गोष्ट खेळातल्या नोंदीपेक्षाही विलक्षण आहे. २०१८ साली याच जातीच्या आणि आणखी एका जातीच्या माशांतले जिवाणू तपासले गेले. मोकळ्या पाण्यात राहणाऱ्या नातलगांच्या तुलनेत त्यांची जनुकसामग्री जवळपास अर्धीच उरली होती. स्वतःला लागणारी अनेक द्रव्यं त्यांना आता स्वतः बनवता येत नाहीत, ती माशाकडून मिळतात. सहजीवन इतकं घट्ट, तर पिल्लाला दिवा आईकडूनच मिळत असेल असं वाटतं. तसं नाही. पुढच्या अभ्यासातून दिसलं की हे जिवाणू आईकडून येत नाहीत, मासा ते समुद्राच्या पाण्यातून घेतो. शेकडो मीटर खोल, काळोख्या पाण्यात एवढ्याशा पिल्लाची आणि नेमक्या त्याच जिवाणूंची गाठ पडते!

लँटर्न दिसतो निळा-पिवळा, खऱ्या माशांचा रंग मात्र याच्या अगदी उलट. काही अँगलरफिशची कातडी अंगावर पडलेला प्रकाश जवळपास सगळाच शोषून घेते. २०२० साली मोजमाप झालं तेव्हा एका जातीच्या कातडीवरून परत फिरणारा प्रकाश ०.०४ टक्के भरला. स्वतःच्याच दिव्याच्या उजेडात आपण भक्ष्याला दिसू नये, यासाठी हे काळेपण कामी येतं.

खेळातला लँटर्न विजेचा झटकाही देतो. ती वीज मात्र त्याला दुसऱ्यांकडून मिळाली आहे. अँगलरफिश शॉक देत नाही. ती करामत या टॉर्पेडो पाकटाची. डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंपासून घडलेले विद्युत अवयव असतात आणि त्यांच्या झटक्याने शेजारचा मासा बधिर होतो.

आता ही दृश्यं. जानेवारी २०२५, स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी तेनेरीफेच्या किनाऱ्यापासून साधारण दोन किलोमीटरवर. भरदिवसा, पृष्ठभागालगत पोहणारी काळी अँगलरफिश. एरवी शेकडो मीटर खाली राहणारी. शार्कच्या पाहणीसाठी निघालेल्या बोटीवरच्या लोकांना ती दिसली. ती वर का आली ते कळलेलं नाही. जगभर लाखो लोकांनी ही क्लिप पाहिली. काही तासांतच तिचा मृत्यू झाला आणि तिला तेनेरीफेवरच्याच सांताक्रूझ शहरातल्या संग्रहालयात ठेवण्यात आलं.

(निवेदन थांबते. फक्त पाण्याचा आवाज.)

समुद्रतळावरचे धातूंचे गोळे उपसण्याची तयारी याच काळात चालू आहे. मध्य हिंद महासागरात शोधासाठी भारताकडेही ७५ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र आहे. खाणकामातला गाळ अँगलरफिश पोहतात त्या मधल्या थरांत सोडला गेला, तर तिथलं पाणी गढूळ होईल, आणि या माशांची सगळी शिकार उजेडावरच चालते. उपशाचे नियम आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणात ठरायचे आहेत. ते ठरवताना या माशांचं पाणीही मोजलं जावं, ही आमची मागणी आहे.