हिपॅटायटिस सी ८४ गोळ्यांत बरा होतो, मग बी का नाही?

[टेबलावर औषधाच्या दोन डब्या. कॅमेरा वरून.]

ही डावीकडची डबी. आत २८ गोळ्या. अशा तीन डब्या, रोज एक गोळी, ८४ दिवस. एवढ्यात हिपॅटायटिस सी जातो. शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांचा जातो, आणि कायमचा जातो.

आता उजवीकडची. ही हिपॅटायटिस बीची, हिच्यात ३० गोळ्या. त्या संपल्या की पुढच्या महिन्याला आणखी ३०, त्याच्या पुढच्या महिन्याला आणखी ३०. किती वर्षं? चिठ्ठीवर डॉक्टर नुसतं ‘चालू ठेवा’ लिहितात.

दोन्ही विषाणू यकृतात राहतात. दोन्ही रक्तातून पसरतात, दोन्ही गुपचूप वीस-तीस वर्षं काढतात आणि शेवटी सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक आणि निकामी होत जाणं, किंवा कॅन्सरपर्यंत नेऊ शकतात. मग एकाला तीन महिने पुरतात आणि दुसऱ्याला जन्मभर गोळी, असं का? संशोधन कमी झालं म्हणून नव्हे. बी तर आधी सापडला. १९६५ साली अमेरिकी शास्त्रज्ञ ब्लमबर्ग यांना त्याचा पहिला धागा मिळाला, १९७६ साली नोबेल मिळालं, १९८१ पासून लस आहे. सीचा विषाणू सापडायला १९८९ उजाडलं, आणि त्याच्यावर लस आजही नाही.

फरक आहे तो विषाणू आपला कारभार कुठे मांडतो यात.

[पडद्यावर: यकृताच्या पेशीचं चित्र. मध्ये केंद्रक.]

सीकडे आहे आरएनए, साधारण ९,६०० अक्षरांचा एक धागा. तो पेशीच्या बाहेरच्या भागात राहतो, केंद्रकात पाऊल टाकत नाही. सगळा व्यवहार चिठ्ठ्यांवर. चिठ्ठीवरून चिठ्ठी उतरवायची, जुनी झाली की ती फाटते. मूळ प्रत अशी कुठेच ठेवलेली नाही. म्हणजे उतरवणं तुम्ही पुरेसे दिवस बंद पाडलं, तर शेवटची चिठ्ठी फाटली की दुकान बंद.

पण हे उतरवणं बंद पाडणारं औषध शोधायचं तर विषाणू आधी प्रयोगशाळेत वाढायला हवा, आणि सी काही केल्या वाढत नव्हता. १९९९ साली जर्मनीत बार्टेनश्लागर आणि लोहमान यांच्या गटाने जी युक्ती केली ती मला या सगळ्या गोष्टीतली सर्वांत हुशार वाटते. विषाणूचं कवच बनवणारी जनुकं त्यांनी काढून टाकली आणि त्या जागी एका विषाला तोंड देणारं जनुक बसवलं. हा आरएनए यकृताच्या पेशींत सोडला आणि वरून ते विष ओतलं. ज्या पेशींत आरएनएच्या नकला निघत होत्या तेवढ्याच जगल्या, बाकी मेल्या. वाचलेल्या पेशी वाढवल्या आणि औषधं तपासायला एक चालती कार्यशाळा हाती आली.

त्यानंतर कामाला वेग आला. सोफोसबुवीर हा रेणू विषाणूला युरिडिनसारखा, म्हणजे आरएनएच्या नेहमीच्या अक्षरासारखा दिसतो. गोळीत तो झाकलेला असतो, यकृताच्या पेशीत गेल्यावर झाकण निघतं. विषाणूचं नकलाकार एन्झाइम ते अक्षर उचलून धाग्यात बसवतं, आणि पुढचं अक्षर बसतच नाही. चिठ्ठी अर्धवट राहते. बनवणारे रसायनशास्त्रज्ञ मायकेल सोफिया, म्हणून नाव सोफोसबुवीर. अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये परवानगी मिळाली. किंमत? एका गोळीचे १,००० डॉलर, ८४ गोळ्यांचे ८४,०००. २०१४ साली भारतीय कंपन्यांना जेनेरिक बनवायचा परवाना मिळाला आणि तो आकडा आपल्याकडे कोसळला. जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस कार्यक्रमात हे उपचार सरकारी केंद्रांवर मोफत आहेत.

[क्लोज-अप: रक्ताचा रिपोर्ट, बोट प्लेटलेटच्या ओळीवर.]

त्या कार्यक्रमात कोणती गोळी मिळणार हे सिरॉसिस आहे की नाही यावर ठरतं. सिरॉसिस नसेल तर सोफोसबुवीर ४०० मिलिग्रॅम आणि डॅक्लाटासवीर ६०, बारा आठवडे. सिरॉसिस आहे पण यकृत अजून काम ओढतंय, तर डॅक्लाटासवीरच्या जागी वेल्पाटासवीर १००, तेही बारा आठवडे. पोटात पाणी, रक्ताची उलटी, भ्रम असं काही झालेलं असेल तर जोडीला रिबाविरिन, किंवा रिबाविरिन झेपत नसेल तर तीच गोळी चोवीस आठवडे.

सिरॉसिसचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीवरूनही बांधता येतो. त्या आकड्याला एप्री म्हणतात. एसजीओटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, त्याला लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, आलेल्या संख्येला प्लेटलेटने भागा, मग १०० ने गुणा. समजा एसजीओटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट १ लाख ६० हजार. ८० भागिले ४० म्हणजे २. आता २ भागिले १६०, गुणिले १००. उत्तर १.२५. चूक नेमकी इथे होते: रिपोर्टवर कधी ‘१.६ लाख’ लिहिलेलं असतं, कधी ‘१,६०,०००’, आणि सूत्रात घालायचे असतात हजार, म्हणजे १६०. कोणी १.६ घालतो आणि १२५ आलं म्हणून घाबरून बसतो. सीच्या रुग्णात २ च्या वर आकडा गेला की सिरॉसिसचा संशय घट्ट होतो. २ च्या खाली आला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, सोनोग्राफी आणि जमल्यास फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, करायचाच.

सोबतच्या गोळ्यांमुळे हे औषध फसू शकतं. वेल्पाटासवीर शरीरात शिरायला पोटात आम्ल लागतं. आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी सकाळच्या चहासारखी घेतली जाते, तिने हे औषध कमी शोषलं जातं. अँटासिड घ्यायचंच असेल तर चार तासांचं अंतर हवं. ओमेप्राझोलच्या घराण्यातली गोळी शक्यतो बंदच. टाळता येत नसेल तर वेल्पाटासवीर जेवणासोबत आधी, आणि ओमेप्राझोल २० त्यानंतर चार तासांनी. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर हा कोर्स सुरूच करायचा नाही, यकृत औषध झपाट्याने मोडून काढतं. फिटच्या फेनिटोइन, कार्बामाझेपिनचं तेच. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन घेणाऱ्यांत सोफोसबुवीरने नाडी धोकादायक मंदावते. मेडिकलवाल्याकडून मागच्या वर्षभरात काय काय घेतलं, ती सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या.

बरे झालात हे कधी कळतं? शेवटच्या गोळीच्या दिवशी नाही. त्यानंतर बारा आठवडे थांबून आरएनए तपासायचा, तो सापडला नाही तर बरे. अँटी-एचसीव्ही ही तपासणी मात्र पुढेही पॉझिटिव्हच येत राहते, कारण ती शरीराची आठवण मोजते. ऑपरेशनआधीच्या तपासणीत लोक पुन्हा घाबरतात ते यामुळे. आरएनए निगेटिव्ह आल्याचा कागद जपून ठेवा. आणि सिरॉसिस झालेला असेल तर सी गेल्यावरही दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सुटत नाही.

[उजवीकडची डबी पुढे सरकवायची.]

आता बी. बीचा कारभार चिठ्ठ्यांवर नाही, दप्तरावर चालतो. तलाठ्याचं पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण सातबारा तुम्हाला माहीत आहे. तुमच्या हातात असतो तो उतारा. तो फाडलात तरी मूळ नोंद दप्तरात शाबूत, उद्या दुसरा उतारा निघतो. बीचा विषाणू थेट केंद्रकात जातो आणि तिथे डीएनएचं एक बंद कडं तयार करतो, ज्याला सीसीसी डीएनए म्हणतात. हीच मूळ नोंद. यावरून उतारे निघतात, उताऱ्यांवरून नवे विषाणू बनतात. बीच्या गोळीतलं टेनोफोवीर किंवा एन्टेकावीर उताऱ्यावरून नवा डीएनए लिहू देत नाही. दप्तराला ते हातही लावत नाही.

म्हणून रिपोर्टवर बी डीएनए ‘आढळला नाही’ आला की लोक जी चूक करतात ती महागात पडते: गोळी बंद. काही आठवडे काहीच होत नाही, आणि मग दप्तरातून उतारे सुटतात. प्रतिकारशक्ती एकदम हजारो पेशींवर तुटून पडते, एसजीपीटी (एसजीओटीसारखंच यकृताचं दुसरं एन्झाइम) कधी हजाराच्या वर जातो, आणि यकृत आधीच कमजोर असेल तर ते बंद पडू शकतं. गावाला जाताना कपड्यांआधी गोळ्या भरा. एन्टेकावीर रिकाम्या पोटी घ्यायची, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. टेनोफोवीर ३०० घेणाऱ्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, नियमित बघायचं.

दप्तर उरतं याचा आणखी एक फटका आहे. कुणाचा बी आपोआप ‘गेला’, एचबीएसएजी (रक्तात मोजतात ते बीच्या कवचाचं प्रथिन) निगेटिव्ह झाला, तरी कडं आत राहिलेलं असू शकतं. वर्षांनंतर रिटुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध किंवा केमो सुरू झाली की ते जागं होतं. त्याआधी एचबीएसएजीबरोबर अँटी-एचबीसीही, म्हणजे बी कधी होऊन गेला का हे सांगणारी तपासणी, करायला हवी. सीच्या गोळ्यांचं तसंच आहे: दोन्ही असणाऱ्यात सी हटला की बी उसळतो, म्हणून सीचा कोर्स लिहिण्याआधी बी बघायचाच.

बीच्या संशोधनाला उशीर का झाला? विषाणू पेशीत कोणत्या दारातून शिरतो हेच २०१२ पर्यंत माहीत नव्हतं. बीजिंगमध्ये वेनहुई ली यांच्या गटाने ते शोधलं. दार निघालं एनटीसीपी, पित्तक्षार पेशीत ओढून घेणारा साधा पंप. प्रयोगशाळेत वापरात असलेल्या यकृताच्या पेशींत हा पंप जवळजवळ नसायचा, म्हणून त्यांना बी लागतच नव्हता. पंपाचं जनुक बसवल्यावर लागायला लागला. हेच दार अडवणारं बुलेव्हिरटाइड हे इंजेक्शन युरोपात २०२० पासून हिपॅटायटिस डीसाठी मिळतं, कारण डी हा बीचंच कवच उसनं घेऊन फिरतो.

आज जी औषधं पुढे आहेत ती उतारेच फाडतात. बेपिरोव्हिर्सेन हे त्यातलं नाव लक्षात ठेवा. आठवड्याला ३०० मिलिग्रॅम, त्वचेखाली, २४ आठवडे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत, औषध थांबवून सहा महिने उलटल्यावरही साधारण नऊ-दहा टक्के रुग्णांत एचबीएसएजी आणि डीएनए दोन्ही गायब होते. दहात एकही नाही म्हणून नाक मुरडू नका. नुसत्या गोळ्यांवर एचबीएसएजी जाण्याचं प्रमाण वर्षाला जेमतेम एक टक्का. सुरुवातीचा एचबीएसएजी ३,००० एककांच्या आत होता त्यांना फायदा जास्त झाला, म्हणून तिसरा टप्पा अशाच रुग्णांवर घेतला गेला.

अडचण अशी की बीचे तुकडे आपल्या स्वतःच्या डीएनएतही घुसून बसतात. त्यातून पूर्ण विषाणू निघत नाही, पण एचबीएसएजी निघत राहतो. म्हणजे दप्तर आक्रसलं तरी रिपोर्ट पॉझिटिव्हच! औषध चाललं की नाही हे ठरवायला संशोधक डोकं धरून बसतात ते यासाठी.

कोणी तुम्हाला बीच्या चाचणीत घ्यायला तयार असेल तर आधी तिचा सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा, भारतात तो बंधनकारक आहे. मग विचारा: माझा एचबीएसएजी नुसता पॉझिटिव्ह आहे की मोजून किती एकक? माझी चालू गोळी थांबवणार का, आणि कोणत्या आठवड्यात? थांबवल्यावर एसजीपीटी किती दिवसांनी बघणार, आणि तो कुठवर चढला की गोळी परत सुरू करणार? हा शेवटचा आकडा संमतीपत्रात लिहिलेला दिसला नाही, तर सही करण्याआधी तो लिहून घ्या.