धुरावर चालणारी भट्टी

(दृश्य: फलटण परिसर, रात्र. तोडणी झालेला उसाचा फड पेटलाय.)

ऊस कारखान्याला गेला. हिरवं वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, बैलांच्या पुढ्यात पडलं. फडात उरलं ते पाचट. उसाची वाळलेली, करवती कडांची पानं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, ते लवकर कुजतही नाही. हेक्टरी सुमारे १० टन! मग वारा पडला की काडी लावायची, रान मोकळं.

(दृश्य: चूल. मूठभर पाचट आत जातं.)

चुलीत घालून बघा. भुरकन पेटतं, भुरकन विझतं. पहिली भाकरी फुगायच्या आत राख, आणि घरभर धूर.

या धुराकडेच वेगळ्या नजरेनं पाहिलं गेलं ते ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या ‘आरती’ या संस्थेत. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी ती १९९६मध्ये सुरू केली.

(दृश्य: भट्टी. पत्र्याची पिंपं भरली जातायत.)

पाचट पिंपात ठासून भरायचं. झाकण घट्ट, वायू बाहेर पडण्यापुरती वाट ठेवायची. पिंपं भट्टीत उभी करायची आणि खाली जाळ घालायचा, तोही पाचटाचाच. पिंपात हवा नाही, त्यामुळे आतलं पाचट पेटत नाही, नुसतं भाजत राहतं. त्यातून धूर सुटतो.

(दृश्य: पिंपाखाली अचानक ज्वाळा. क्षणभर निवेदन थांबतं.)

आता हा धूरच पेटलाय. यापुढे वेगळं जळण लागत नाही. धूर म्हणजे न जळालेलं जळण. फडात ते आभाळात जातं, इथे भट्टी तापवतं.

(दृश्य: काळा चुरा, खळ, यंत्रातून निघणाऱ्या कांड्या.)

१०० किलो पाचटातून कोळसा निघतो २० ते ३० किलो. आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल, पण हा कोळसा धूर न करता सावकाश जळतो. चुरा खळीत मळून त्याच्या कांड्या पाडतात. याच कामाला २००२मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

(दृश्य: खोडव्याच्या सरीत अंथरलेलं पाचट.)

मात्र खोडवा ठेवायचा असेल, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतूनच पुढचं पीक घ्यायचं असेल, तर पाचट सरीतच राहू द्यावं. ओल टिकते, तण दबतं. भट्टीसाठी खरं पाचट ते, जे एरवी पेटवूनच दिलं असतं.

(दृश्य: अंगणात वाळत घातलेल्या कांड्या.)

कांड्या उन्हातच वाळतात. बरं आहे, तोडणीचा हंगामही उन्हाचाच असतो. आभाळ भरून आलं, की आधी पोती काढायची.