नदीकाठी घर बांधताय? कुंपणाआधी शेजार बघा

नमस्कार मंडळी! कोकणात नदीकाठी, खाडीकाठी जागा घेऊन घर बांधणारे हल्ली वाढलेत. कोणी मुंबई-पुण्याचे, कोणी निवृत्त होऊन गावी परतलेले आपलेच चाकरमानी. जागा बघतात, सातबारा बघतात, विहिरीला पाणी आहे का बघतात. शेजारी मात्र पहिल्यांदा भेटतात ते थेट वास्तुशांतीला. माझं स्पष्ट मत आहे, तोवर उशीर झालेला असतो. शेजाऱ्यांची ओळख कुंपण घालायच्या आधी व्हायला हवी.

[दृश्य: ओहोटीची खाडी, वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बाया]

ह्या बघा. ओहोटी लागली की वाडीतल्या बाया टोपल्या घेऊन उतरतात, हाताने वाळू चाचपत तिसऱ्या, मुळे असे शिंपले काढतात. आता त्या खाडीपर्यंत येतात कुठून? कोणाच्या तरी बागेतून, दगडी गडग्याच्या कडेकडेने. गुरंही तिथूनच पाण्यावर जातात. ही वाट सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. नवा मालक येतो, चिऱ्याचं कंपाउंड घालतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका दिवसात बंद होते.

कायदाही समजून घ्या. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं उघडपणे, अखंड, हक्काने वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क तयार होऊ शकतो. वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण प्रकरण तिथवर गेलं की त्या घरचं हळदीकुंकूही तुटतं हो. त्यापेक्षा मोजणी झाली की संध्याकाळी शेजारच्या पडवीत जाऊन बसा आणि सरळ विचारा, "काका, आमच्या जागेतून कोणाची ये-जा आहे?" मेसेज नको, माणूस पाठवणं नको, स्वतः जा. पाच फुटांची वाट सोडलीत तर वाडी ते विसरत नाही.

आणि गेलात की भरतीचं गणित विचारून घ्या, गप्पा आपोआप रंगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. खाडीत जसजसं आत जाल तसतशी वेळ थोडी उशिरा. ज्यांचा दिवस पाण्यावर चालतो त्यांच्याकडे कधी जायचं, कधी नाही, हेही त्यातून कळतं. भर ओहोटीला कोणाच्या घरी गेलात तर दाराला कडीच दिसणार.

पाऊस सरला की ओढ्यांवर बंधारे घालायचं काम निघतं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं, आणि ओळीने उभं राहून हातोहात पुढे द्यायची. बऱ्याच वाड्यांत घरटी एक माणूस जातो. तुम्हीही जा. पैसे देऊन मजूर पाठवू नका, हे मी कळकळीने सांगतो. त्या रांगेत तुमच्या एका हाताला वाडीतले दादा असतात, दुसऱ्या हाताला कदाचित मोहल्ल्यातले चाचा, आणि दुपारपर्यंत तुम्ही कोणाचे कोण हे सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघरी येते. आपल्या घराची पाळी कधी, ओटी कशी भरायची, हे शेजारच्या वहिनींनाच विचारा. आनंदाने सांगतील, आणि बहुतेक स्वतः येऊन उभ्याही राहतील.

आता पावसाळ्याचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तो दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही. वरून मुसळधार आणि खालून भरती असली की पाण्याला निचराच मिळत नाही. तुमच्या जागेत पाणी कुठवर चढतं, हे शेजारच्या आजी बोट दाखवून सांगतील: २००५ ला ह्या पायरीपर्यंत, २०२१ ला खिडकीपर्यंत. जोत्याची उंची ठरवायच्या आधी हे विचारा. आणि मुंबईला परत जाताना घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवा, फोन नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून द्या. रात्री दोनला पाणी चढायला लागलं तर तुमचं सामान माळ्यावर चढवायला तेच येणार आहेत.