दुसऱ्या पाळीचा सेवक

(दृश्य : न्यू शाहूपुरी, रविवारची सकाळ. वायल्डर मेमोरियल चर्चचं आवार. मोटारसायकली लावून आत जाणारी माणसं, दारात "सलाम, सलाम". आतून पेटी-तबल्याचा आवाज.)

निवेदन :

पाटीवरचं 'वायल्डर' हे आडनाव कोल्हापुरात पहिल्यांदा आलं ते 1852 साली. रॉयल वायल्डर आणि त्यांची पत्नी एलायझा. अमेरिकेतून निघून आधी काही वर्षं अहमदनगरला काढली, मग कोल्हापूर. संस्थानी गाव, भाषा शिकायची, ओळख कुणाची नाही. या दोघांनी शाळा काढल्या, पेठांत-बाजारांत उभं राहून उपदेश केला, खेडी पालथी घातली.

आणि हाती काय लागलं? ख्रिस्ती झालेली माणसं मोजकी. त्यात 1854-55 साली अमेरिकेहून त्यांना पाठवणाऱ्या मिशन मंडळाचे सचिव पाहणीला आले. शाळांवरचा खर्च कमी करा, उपदेशावर भर द्या, असं त्यांचं धोरण. वायल्डरना ते पटलं नाही. वाद वाढत गेला, मंडळाशी संबंध तुटला. माणूस अमेरिकेला गेला, तरीही परत आला, स्वतःच्या हिमतीवर आणि मित्रांच्या देणग्यांवर. 1870 मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं हे काम हाती घेतलं, तेव्हा कुठे जरा पाठीशी कुणीतरी आलं. पाचच वर्षांनी तब्येतीनं साथ सोडली आणि वायल्डर कुटुंबाला कोल्हापूर सोडावं लागलं.

आजच्या ऑफिसात ही फाइल गेली असती, तर शेरा ठरलेला होता : टार्गेट अपूर्ण.

(दृश्य : जुना शहर नकाशा. मग आजचा पुणे-बंगळूर महामार्ग, शिरोलीचा फाटा, फाउंड्रीची धुराडी.)

निवेदन :

शिरोली एमआयडीसी. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत देशभरच्या गाड्यांचे, पंपांचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतले जातात. इथल्या एका कारखान्यात मोल्डिंग सेक्शनला एक तरुण आहे. वय सव्वीस. नाव सांगू नका म्हणाला, कारण अर्ज अजून मंजूर व्हायचाय.

अर्ज पुण्यातल्या सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेचा. त्याला पाळक व्हायचंय, चर्चची मंडळी सांभाळायचीय.

(दृश्य : वाळूत दाबलेला पॅटर्न. हातमोज्यातली बोटं साच्याच्या पेटीच्या कडेची वाळू सारखी करतात. लॅडलमधून, म्हणजे मोठ्या पळीतून, लोखंड ओतलं जातं.)

निवेदन :

वाळू, बेंटोनाइटची चिकण माती, कोळशाची पूड, बेतानं पाणी. पाणी जास्त झालं की कास्टिंगला भोकं पडतात आणि माल रिजेक्ट. 1400 अंशांच्या आसपास तापलेलं लोखंड पेटीत उतरतं, तेव्हा सेक्शनमध्ये कुणी बोलत नाही. या सगळ्याचा श्रद्धेशी दाखला जोडायचा मोह आम्हाला झाला. तो स्वतः जोडत नाही. "काम आहे सर. दुसरी पाळी असली की डोळे चुरचुरतात, एवढंच," म्हणतो.

पाळक होण्याचं बोलावणं चर्चमध्ये सगळ्यांना समजतं. मंडळी तुमच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागते, आई देवाचे आभार मानते, मामा विचारतात पगार किती. न समजणारा भाग असतो तो मधला. हाक आली असं वाटतंय, पण दार उघडत नाही. गेल्या वर्षीही त्यानं अर्ज केला होता. पुढच्या वर्षी या, असं उत्तर आलं. घरी फीचा प्रश्न होताच. त्या पावसाळ्यात तो चार-पाच रविवार चर्चला फिरकला नाही.

मग वडीलधाऱ्या पाळकांनी त्याला घरी बोलावलं. उपदेश केला नाही. एलीयाची गोष्ट वाचायला लावली.

(दृश्य : उघडं बायबल, तपकिरी कागदाचं कव्हर, कडेला पेन्सिलच्या खुणा.)

निवेदन :

एलीया म्हणजे कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी मागवणारा संदेष्टा. त्याच्या दुसऱ्याच दिवशी राणीची धमकी आली आणि गडी जीव घेऊन पळाला. रानात एका झुडपाखाली बसून त्यानं मरण मागितलं. आता पुरे, म्हणाला. अशा वेळी देवानं काय करावं? खडसावलं नाही, नवीन काम सांगितलं नाही. झोपू दिलं. दूतानं उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाऊन तो परत झोपला. पुन्हा उठवलं, पुन्हा जेवण. कारण वाट लांबची होती. देवाचा मंद, हळू आवाज त्याला ऐकू आला तो त्याच्या कितीतरी पुढे, होरेब डोंगरावर.

पाळकांनी विचारलं एवढंच : "भाकर खाल्लीस का?"

आम्हाला वाटतं, आशेबद्दल चर्चमध्ये होणाऱ्या पुष्कळ भाषणांपेक्षा हा प्रश्न कामाचा आहे. प्रेषित पौलानं इफिस शहरातल्या मंडळीला लिहिताना प्रार्थना केली, की देवाच्या पाचारणात, म्हणजे हाकेत, किती आशा आहे हे तुम्हाला दिसावं. तो हे लिहीत होता बेड्यांत असताना. स्वतःच्या यशाचा हवाला द्यावा, अशी त्याची तेव्हा परिस्थिती नव्हती. हाक मारणारा बदलत नाही, एवढ्यावरच त्याची भिस्त होती.

(दृश्य : एका घराचं स्वयंपाकघर. सत्तरीच्या बाई चष्मा पुसताहेत.)

निवेदन :

हाक म्हटलं की आपल्याला व्यासपीठच दिसतं. मार्टिन ल्यूथरनं 1520 मध्येच लिहून ठेवलं होतं, की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक, म्हणजे पुरोहित, आहे. आपल्याकडे ते पाठ आहे, पण अंगवळणी पडलेलं नाही.

या बाई मिरजेला नर्सिंग शिकल्या. कॅनडातून आलेले डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये उभ्या केलेल्या मिरजेच्या हॉस्पिटलनं या भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या मुलींना हा पेशा दिला. बाई रिटायर झाल्या, तरी गल्लीत अजून 'सिस्टर'च.

ऑगस्ट 2019. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, शाहूपुरीच्या गल्ल्यांत होड्या फिरल्या. सिस्टर एका शाळेतल्या छावणीत गेल्या त्या पाणी उतरेपर्यंत तिथेच होत्या. पुराच्या पाण्यातून आलेल्या माणसांना लेप्टो तापाचा धोका, म्हणून डॉक्सीच्या प्रतिबंधक गोळ्या वाटायच्या. त्या कात्रीनं स्ट्रिप कापत, वर्तमानपत्राच्या तुकड्यात पुडी बांधत आणि प्रत्येकाला तेच सांगत : "उपाशीपोटी घ्यायची न्हाई, आधी दोन घास खा."

पाचारणाबद्दल विचारलं तर हसल्या. "मला कधी आवाज-बिवाज आला न्हाई बाबा. पेशंट हाक मारतोय, ती ऐकू येती. चाळीस वर्षं तीच ऐकली." थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाल्या, "थकले की मात्र देवाशी भांडते. त्यो ऐकून घेतो."

(दृश्य : पुन्हा चर्च. मंडळी उभी राहून अभंग गाते.)

निवेदन :

हा अभंगाचा थाट मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवण्यात कवी नारायण वामन टिळकांचा मोठा वाटा. त्यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला. पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. एकाच घरात, एवढ्या ओढाताणीनंतर, दोघांना हाक आपापल्या वेळेला. आणि टिळकांना पुन्हा एकदा उठावं लागलं, 1917 मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर : मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला. दोनच वर्षांनी ते गेले.

वायल्डरांची गोष्टही 1875 ला संपली नव्हती. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथे, कोल्हापुरात जन्मला. अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकताना तो मित्रांना घरी जमवून प्रार्थना करायचा. पलीकडच्या खोलीत बहीण ग्रेस त्याच सभेसाठी गुडघे टेकून असायची. 1886 च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात 100 तरुणांनी परदेशी सेवेला जायचं कबूल केलं. त्यातून जी विद्यार्थी चळवळ उभी राहिली, तिनं पुढच्या काही दशकांत हजारो माणसं जगभर पाठवली. पुस्तकांत रॉबर्टचं नाव ठळक असतं. ग्रेस मात्र वडिलांच्या निधनानंतर आईला घेऊन पुन्हा याच भागात कामाला आली. आमच्या मते या घरातली जास्त ऐकण्यासारखी गोष्ट तिची आहे, पण प्रार्थनेच्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही.

(दृश्य : हातकणंगले तालुक्यातलं एक गाव. शनिवार सकाळ. घराची ओसरी, नऊ-दहा मुलं.)

निवेदन :

दुसरी पाळी दुपारी तीनला सुरू होते. त्यामुळे शनिवारची सकाळ मोकळी. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या मोल्डरनं इथे मुलांचा वर्ग सुरू केला. कुणी सांगितलं नव्हतं. आज बायबलमधल्या शमुवेलची गोष्ट. रात्री देवाची हाक येते, पोरगं उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे पळतं, एली म्हणतो मी नाही बोलावलं, झोप जा. असं तीनदा. तिसऱ्यांदा मुलं खो-खो हसतात.

एका मुलीला हसू येत नाही. "दादा, एलीला का न्हाई ऐकू आलं? त्यो तर मोठा हुता की."

दादा थांबतो. "मला पण म्हाईत न्हाई गं. पण पोराला नीट सांगितलं त्यानंच, आता हाक आली तर काय म्हणायचं ते."

सेमिनरीच्या अर्जात एक रकाना आहे : आपल्या पाचारणाची साक्ष लिहा. गेल्या वर्षी त्यानं तिथे सुंदर, अलंकारिक मराठीत पानभर लिहिलं होतं. यंदाच्या अर्जाआधी पाळकांनी ते वाचून परत दिलं. "हे चांगलंय. पण ह्यात तुझी शनिवारची पोरं कुठायत? फाउंड्री कुठाय? आणि ते न आलेले रविवार?" यंदा त्यानं सगळं लिहिलंय, न आलेल्या रविवारांसकट. अक्षर गिचमिड आहे, एक ओळ खोडलेली आहे. नाही आली परवानगी तर? "तर शनिवार हाईच की," तो म्हणतो आणि घड्याळ बघतो, कारण बस चुकली तर पंचिंगला उशीर होतो.

पुढच्या शनिवारी दावीद आणि गल्याथ, गोफणीनं धिप्पाड योद्ध्याला लोळवणाऱ्या पोराची गोष्ट. मुलांनी खरी गोफण बघायचीच, असा हट्ट धरलाय. मोल्डिंग सेक्शनमधल्या एका शेतकऱ्याच्या पोरानं घरची आणून द्यायचं कबूल केलंय. दगड मात्र मिळणार नाहीत, असं मुलांना आधीच बजावून ठेवलंय.