निवाडा करणारे विद्यार्थी

श्रोतेहो, नमस्कार. कॉलेजच्या निवडणुकीत तंटा झाला की आपल्याकडे पोरं प्राचार्यांच्या केबिनकडे धावतात. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीमुळे 2006 नंतर तक्रार निवारण कक्ष आला खरा, पण त्याच्या अध्यक्षपदी विद्यार्थी अधिष्ठाता; विद्यार्थी सदस्य दोनच. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये, न्यायाधीश म्हणून विद्यार्थीच बसतात.

तिथल्या विद्यार्थी परिषदेला स्वतःची घटना आहे, पोटनियम आहेत आणि ज्युडिशियल बोर्ड नावाचं न्यायमंडळ आहे. न्यायाधीशाचं नाव परिषदेचा अध्यक्ष सुचवतो, परिषद मत देऊन ते पक्कं करते. परीक्षेतली कॉपी वगैरे या मंडळाकडे येत नाही. ते डीनच्या ऑफिसचं काम. परिषदेने किंवा तिच्या सदस्याने स्वतःचेच नियम मोडले का, एवढंच इथे बघायचं.

सोपं वाटतं ना? 2014 चं प्रकरण ऐका. इस्रायलशी संबंधित काही कंपन्यांमधली गुंतवणूक विद्यापीठाने काढून घ्यावी, असा ठराव फेब्रुवारीत परिषदेपुढे आला आणि पडला. मत देणाऱ्यांपैकी दोघे इस्रायल-समर्थक संस्थांच्या खर्चाने तिकडे फिरून आले होते. मग त्यांनी मत द्यावं का? तक्रार मंडळाकडे गेली. सुनावणी झाली आणि 4-0 असा निकाल लागला: नियमभंग नाही.

पुढच्याच वर्षी, 10 फेब्रुवारी 2015 ला, परिषदेची पाळी आली. न्यायमंडळासाठी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचं नाव पुढे आलं होतं. तिला विचारलं गेलं, तू ज्यू आहेस, ज्यू संघटनांमध्ये वावरतेस, मग निःपक्षपाती कशी राहशील? नंतर तिला बाहेर पाठवून सुमारे चाळीस मिनिटं यावरच खल झाला. तिच्या पात्रतेबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती बरं का! फुकटचा दौरा घेणं आणि एखाद्या धर्मात जन्मणं यांतला फरक या मंडळींना कळू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

पहिल्या मतदानात नाव फेटाळलं गेलं. मग बैठकीला हजर असलेल्या सल्लागाराने समजावलं, की ज्यू संघटनेत असणं म्हणजे हितसंबंध आड येणं नव्हे. पुन्हा मतदान झालं आणि तीच मुलगी एकमताने न्यायमंडळावर गेली. विरोधात मत देणाऱ्या चौघांनी पुढे 'डेली ब्रुइन' या विद्यार्थी दैनिकात जाहीर माफी मागितली.