उसनवारीचं शहर

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी जपानचा अभ्यासक वगैरे अजिबात नाही, आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, रिटायर झालो आणि मुलीनं तिकिटं काढून दिली म्हणून क्योटोला आठ दिवस राहून आलो. आयोजक म्हणाले फोटो दाखवा. पण सोन्याच्या देवळाचे फोटो तुम्ही सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर बघितलेले आहेत, आणि खरं सांगू का, तिथे गेल्यावर पण तेवढंच दिसतं, लाइनीत पुढे सरकायचं, तळ्याच्या काठावर फोटो काढायचा की मागचे लोक ढकलतात. बरं ते सोनेरी देऊळ १९५० मध्ये एका तरुण भिक्षूनंच पेटवून दिलं होतं, आज दिसतं ते १९५५ चं, म्हणजे इथे बसलेल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान.

तर मी वेगळंच सांगणार आहे. क्योटोत दोन-तीन दिवस फिरल्यावर माझ्या लक्षात आलं की या शहरानं जवळजवळ सगळं कुणाकडून तरी उसनं आणलंय. ७९४ मध्ये राजधानी वसवली, तर नकाशा चीनच्या चांगआन शहरावरून घेतला, सरळ रस्ते, काटकोनात चौक, त्यामुळे माझ्यासारखा माणूस पण हरवत नाही. मंदिरांबरोबर बौद्ध धर्म आणला तो पण तिकडूनच, आणि त्या धर्माच्या सामानात आपले देव गेले.

हे बघायचं असेल तर सांजुसांगेन्दोला जा. बाकी दहा ठिकाणं सोडा पण हे सोडू नका. जवळपास १२० मीटर लांब लाकडी हॉल, १२६६ मध्ये परत बांधलेला, आत कान्नोनच्या म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, बौद्धांच्या करुणेच्या देवतेच्या, १००१ मूर्ती, दहा रांगांत, आणि मधोमध एक मोठी बसलेली. फोटोला बंदी, बूट बाहेर, त्यामुळे लोक आपोआप गप्प असतात. आणि त्या हजारांच्या पुढे २८ रक्षक देव उभे आहेत, त्यांच्या पाट्या वाचत चला. इंद्र आहे, ब्रह्मा आहे, नारायण आहे. एका ठिकाणी चोचीचा, पंखांचा एक जण उभा, पाटीवर कारुरा, म्हणजे गरुड, आणि हा गरुड चक्क बासरी वाजवतोय! आमची ही म्हणाली, अहो, देवाची बासरी वाहनाकडे कशी गेली. मी म्हटलं प्रवासात सामानाची अदलाबदल होतेच. पण गंमत बाजूला, त्या थंड लाकडी जमिनीवर मोज्यांत उभं राहून हजार वर्षांपूर्वी चीनमार्गे गेलेला आपला देव बघताना कसंतरीच झालं, आनंद म्हणावा तर तसंही नाही.

फुशिमी इनारी देवस्थानाचं थोडक्यात सांगतो. केशरी लाकडी कमानींची रांग डोंगरावर चढत जाते, हजारो आहेत. चढताना समोरून काही दिसत नाही, उतरताना बघा, प्रत्येक कमानीच्या मागे देणगीदाराचं नाव आणि तारीख कोरलेली. आपल्याकडे सभामंडपातल्या पंख्याच्या पात्यावर कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ असतं ना, तेच. पहाटे जा, दहानंतर जत्रा असते.

आता बागा. तिकडे एक शब्द आहे शाक्केई, अर्थच उसना घेतलेला देखावा. म्हणजे बाग आपली एवढीशी, पण पलीकडचा डोंगर असा धरायचा, मधे झाडं अशी छाटायची, की डोंगर पण आपल्याच बागेत आल्यासारखा वाटतो. तेनर्यूजी मंदिरात मुसो सोसेकी नावाच्या भिक्षूनं १४ व्या शतकात तळं केलं आणि मागे आराशियामाचा डोंगर घेतला. बरं उसनं घेतलं की सांभाळावं पण लागतं. एन्त्सूजी नावाचं लहान मंदिर आहे, त्याच्या बागेत हिएई पर्वत उसना आहे, आता मधे कुणी टॉवर उभा केला तर बाग मेलीच ना? म्हणून २००७ पासून शहरानं असे देखावे कायद्यात घातले, मध्यवस्तीत उंचीची मर्यादा ४५ वरून ३१ मीटरवर आणली, गच्चीवरच्या जाहिराती बंद. बिल्डर लोक खूश नसणार, पण डोंगर दिसतो.

आणि आता माझा विषय, पाणी. १८६९ मध्ये सम्राट टोकियोला गेले आणि क्योटो एकदम रिकामं पडायला लागलं, लोक जायला लागले, धंदे बसले. मग यांनी काय ठरवलं, तर डोंगरापलीकडच्या बिवा सरोवरातून कॅनॉल आणायचा. हे काम दिलं तानाबे साकुरो नावाच्या पोराला, पोरालाच म्हणतो कारण १८८५ मध्ये काम सुरू झालं तेव्हा तो विशीतच होता, कॉलेजचा प्रबंधच त्यानं या कॅनॉलवर लिहिलेला. पहिलाच बोगदा २४३६ मीटरचा, तेव्हा जपानात सगळ्यात लांब. डोंगराच्या माथ्यावरून उभी विहीर खणली आणि आतून दोन्हीकडे खोदत गेले. १८९० ला पाणी आलं, पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर वीज, आणि १८९५ ला त्या विजेवर जपानची पहिली इलेक्ट्रिक ट्राम. मी तिथे केआगेला, म्हणजे कॅनॉल शहरात उतरतो त्या जागी, उभा राहून मनातल्या मनात लेव्हल लावत होतो, बायको कंटाळून आइस्क्रीम खायला गेली.

पाणी नान्झेनजी मंदिराच्या आवारातून विटांच्या कमानींवरून जातं, तिथे सगळे फोटो काढतात, वर पाणी अजून वाहतंय हे मात्र फार कमी जण चढून बघतात. तिथून पुढे फिलॉसॉफर्स पाथ, चेरीची झाडं वगैरे, तर त्या वाटेशेजारचा ओढा म्हणजे याच कॅनॉलची चारी. क्योटोचा उतार उत्तरेकडून दक्षिणेला, कामो नदी दक्षिणेला जाते, आणि ही चारी उत्तरेला वाहते! गाईड लोक या वाटेवर फिरणाऱ्या तत्त्वज्ञाची गोष्ट सांगतात, ही सांगत नाहीत.

जवळच मुरिनआन म्हणून बाग आहे, यामागाता आरितोमो या राजकारण्याची, केली ओगावा जिहेईनं, १८९० च्या दशकात. पूर्वेचा डोंगर उसना, पाणी कॅनॉलचं. आम्ही ओसरीवर बसलो, चहा घेतला, पाऊण तास हललो नाही. पाणी घोट्याएवढंच, पण त्याला असे दगड लावलेत की एका जागी आवाज येतो आणि चार पावलांवर येत नाही.

नंतर हॉटेलवर वाचलं की बिवा हे त्यांच्या वीणेसारख्या वाद्याचं नाव, सरोवराचा आकार तसा म्हणून. आणि त्या सरोवरात चिकुबू नावाचं बेट आहे, तिथे बेन्झायतेनचं मोठं देऊळ. बेन्झायतेन म्हणजे सरस्वती, आपली, हातात बिवा घेतलेली. बेटावर जायला बोट असते, आमचा तेवढा दिवस उरला नव्हता.

प्रश्न असतील तर विचारा, खर्च किती आला ते सोडून.