देवाने शब्द दिला तर

नमस्कार मंडळी. नरिमन पॉइंटला एलआयसीचं मोठं ऑफिस आहे ना, योगक्षेम, ते नाव गीतेतल्या ओळीवरून आलंय, नवव्या अध्यायातला 22वा श्लोक, योगक्षेमं वहाम्यहम्, म्हणजे तुमचा सगळा भार मी वाहतो. आमच्या कपाटात पॉलिसीची फाइल असायची, तिच्यावर ज्योतीभोवती धरलेले दोन हात आणि ही ओळ, आणि आई हप्त्याची पावती आत ठेवायच्या आधी कपाळाला लावायची. मला वाटायचं देवानेच शब्द दिलाय.

पण देव शब्द देऊ शकतो का हो? माणसाला शब्द मोडता येतो म्हणून तर तो पाळला की त्याची किंमत. देवाला मोडताच येत नसेल तर ते नुसतं भविष्य सांगणं झालं. आणि आपलं सगळं आधीच लिहिलेलं असेल तर तो शब्द देतोय कोणाला?

मला उत्तर सापडतं भीष्मपर्वात. कृष्ण म्हणालेला, मी लढणार नाही. पण भीष्मांपुढे पांडवांचं सैन्य मोडायला लागलं तेव्हा तो रथातून उडी टाकून धावलाच. अर्जुन मागून पळत आला, पाय घट्ट धरले, तरी कृष्ण त्याला ओढत नेतोय, आणि दहाव्या पावलाला थांबला. अर्जुन म्हणतो, तू लढणार नाही म्हणालेलास, लोक तुला खोटा म्हणतील. आणि तो परत फिरला. म्हणजे मोडता येत होता, मोडायला निघालाच होता, आणि अडवलं कोणी तर एका माणसाने. हे वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो.

गीतेच्या अठराव्या अध्यायातसुद्धा बघा, 61व्या श्लोकात ईश्वर सगळ्यांना यंत्रावर बसवल्यासारखं फिरवतो म्हणे, वाटतं संपलं सगळं, पण 63व्यात तोच म्हणतो, यथेच्छसि तथा कुरु, तुला हवं ते कर, आणि त्यानंतर 65व्यात प्रतिज्ञा करतो की माझ्यात मन ठेव, तू माझ्याकडेच येशील. आधी मोकळं सोडलं, मग शब्द दिला. मन ठेवायचं की नाही ते अर्जुनाचं अर्जुनाने बघायचं.

बाबा आजारी असताना आईने नवस बोललेला, बरे झाले की दर मंगळवारी लालबागहून सिद्धिविनायकाला चालत येईन. बाबा गेले. आई तरी जायची, पावसात चपला हातात घेऊन. मी एकदा चिडून म्हटलं, अगं त्याने कुठे शब्द पाळला? ती म्हणाली, त्याने कुठे दिलेला, मी दिलेला.